गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच का? कॅसलमन आजार ओळखताना स्कॅन काय सांगतो आणि काय सांगत नाही

सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक घरांत आधी त्याचा मोबाईलवर फोटो निघतो आणि नात्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाकडे जातो. तो मुलगा सिव्हिल इंजिनिअर असला तरी चालतो! रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळींत 'लिम्फोमा' हा शब्द दिसतो आणि घरात सन्नाटा पसरतो. त्याच ओळीत पुढे आणखी दोन-तीन आजारांची नावे लिहिलेली असतात, ती कुणी वाचत नाही. कधी त्यात टीबी असतो, कधी सार्कॉइड, आणि क्वचित एक अनोळखी नाव असते : कॅसलमन. हा आजार दुर्मीळ आहे. त्याचा एकाच जागी राहणारा प्रकार कॅन्सर नाही, पण स्कॅनवर तो कॅन्सरचा वेष घेऊन येतो. तो कसा ओळखतात, स्कॅनची मदत कुठपर्यंत होते आणि कुठे थांबते, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आधी गाठ म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरात शेकडो लसिका ग्रंथी असतात, डॉक्टर त्यांना लिम्फ नोड म्हणतात. मान, काख, जांघ, छातीच्या आत, पोटाच्या मागच्या बाजूला, अशा जागी त्या वाटाण्या-राजम्याएवढ्या बसलेल्या असतात. जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे हे ठाणे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, दात किडला की जबड्याखाली गाठ लागते, हा सगळ्यांचा अनुभव आहे. जखम भरली की गाठही बसते. मानेवर गाठींची माळ तयार झाली तर जुनी माणसे तिला गंडमाळ म्हणत, आणि ती बहुधा टीबीची निघे. म्हणजे गाठ वाढण्याची कारणे अनेक, आणि त्यांत कॅन्सर हे एक. आपल्याकडे मानेच्या गाठीमागे टीबी निघण्याचे प्रमाण आजही मोठे आहे, हे लक्षात ठेवले तर निम्मी घबराट कमी होईल.

कॅसलमन हे नाव कुठून आले?

बेंजामिन कॅसलमन हे अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट. १९५४ मध्ये त्यांनी छातीतल्या एका विचित्र गाठीची नोंद प्रसिद्ध केली आणि १९५६ मध्ये सहकाऱ्यांसोबत अशा १३ रुग्णांचा लेख लिहिला. त्या लेखाच्या नावातच 'थायमोमासारखी दिसणारी' असे शब्द होते. थायमोमा म्हणजे छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीचा ट्यूमर. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा आजार 'दुसऱ्यासारखा दिसणारा' म्हणूनच ओळखला गेला. पुढे १९७२ मध्ये ८१ रुग्णांचा अभ्यास आला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे दोन मुख्य प्रकार ठरले. एकात गाठीच्या आत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे माजते, त्याला हायलाइन व्हॅस्क्युलर म्हणतात. दुसऱ्यात प्लाझ्मा नावाच्या पेशींची गर्दी असते.

रुग्णाच्या दृष्टीने मात्र दुसरी विभागणी जास्त महत्त्वाची. गाठ शरीरात एकाच जागी असेल तर 'युनिसेंट्रिक', अनेक ठिकाणी असेल तर 'मल्टिसेंट्रिक'. नाव सारखे असले तरी हे दोन जवळपास वेगळे आजार आहेत. एकाच जागेचा प्रकार बहुधा तिशी-चाळिशीतल्या माणसात, बऱ्याचदा काही त्रास नसताना, नोकरीच्या मेडिकलमध्ये किंवा भलत्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेवर सापडतो. पूर्ण गाठ शस्त्रक्रियेने काढली की बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात. अनेक जागांच्या प्रकारात ताप, घाम, वजन घटणे, सूज, रक्त कमी होणे अशी लक्षणे असतात आणि तो जिवावर बेतू शकतो. तेव्हा 'कॅन्सर नाही' एवढे ऐकून उठून जायचे नाही. कोणता प्रकार, हे विचारायचे.

स्कॅनवर तो दिसतो कसा?

पहिली तपासणी बहुधा सोनोग्राफी. निरोगी ग्रंथी राजम्याच्या दाण्यासारखी लांबट दिसते आणि तिच्या मध्यभागी चरबीचा पांढरा पट्टा असतो. गाठ गोल गरगरीत झाली, तो पट्टा नाहीसा झाला, आडव्या मापात एक सेंटिमीटरहून जास्त वाढली, की डॉक्टरांना शंका येते. जांघेतल्या गाठींना थोडी जास्त सूट असते, कारण तिथल्या गाठी पायांच्या लहानसहान जखमांनी आयुष्यभर फुगत-बसत असतात. सोनोग्राफी मान आणि काखेपुरती उत्तम, पण छातीच्या आत ती पोहोचत नाही. आणि कॅसलमनची गाठ सर्वांत जास्त सापडते ती छातीतच, दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत. त्याखालोखाल मान आणि पोट.

म्हणून खरे काम सीटी करतो. त्यातही कॉन्ट्रास्टचा, म्हणजे ज्याला लोक 'रंगाचे इंजेक्शन' म्हणतात तो. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. ते औषध रक्तातून फिरते, आणि जिथे रक्तपुरवठा जास्त तिथे स्कॅनवर पांढरी चमक येते. हायलाइन व्हॅस्क्युलर कॅसलमनची गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते. त्यामुळे औषध जाताच ती शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोडीने झळकते. कडा स्वच्छ, आतला भाग एकसारखा, आणि बाजूने येणाऱ्या जाड रक्तवाहिन्या. हे चित्र दिसले की अनुभवी रेडिओलॉजिस्टच्या मनात कॅसलमनचे नाव येते. काही गाठींत मध्यभागी चुन्याचे डाग असतात, झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले. असे डाग सगळ्यांत नसतात, थोड्याच रुग्णांत असतात, पण असले तर मोठा पुरावा.

आता लिम्फोमा. तो लसिका पेशींचा कॅन्सर. सीटीवर तो सहसा मध्यम चमकतो, कॅसलमनइतका उजळत नाही. गाठी बहुधा अनेक असतात, एकमेकींना चिकटून घोळका करतात, रक्तवाहिन्यांना वेढा घालतात. इलाज सुरू होण्यापूर्वी त्यात चुन्याचे डाग क्वचितच दिसतात. टीबीची गाठ तिसऱ्याच तऱ्हेची : कडेने चमकते आणि मध्ये काळपट राहते, कारण आतला भाग सडून मऊ झालेला असतो. गाठी एकमेकींत गुंतलेल्या असतात.

वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात नाही. कॅसलमनची गाठ मोठी, पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त झाली की आतून एकसारखी राहत नाही. प्लाझ्मा पेशींचा प्रकार तर फारसा चमकतच नाही, मग तो लिम्फोमापासून वेगळा काढणार कसा? दुसऱ्या बाजूने, जोरात चमकणारी प्रत्येक गाठ कॅसलमन नसते. किडनी आणि थायरॉईडच्या कॅन्सरच्या पसरलेल्या गाठीही तशाच झळकतात. थायमोमा आहे, मज्जातंतूंचे ट्यूमर आहेत.

आणि पॅरागॅन्ग्लिओमा आहे, जो विशेष धोक्याचा. तोही लखलखीत चमकतो, पण त्यातून ब्लडप्रेशर वाढवणारी रसायने सुटू शकतात. अशा गाठीत बेसावधपणे सुई घातली तर ब्लडप्रेशर एकदम आभाळाला भिडू शकते. म्हणून छाती-पोटातल्या चमकदार गाठीची बायोप्सी करण्याआधी काही डॉक्टर मेटानेफ्रिन नावाची रक्ताची किंवा लघवीची तपासणी सांगतात. 'गाठ छातीत आणि लघवी कशाला तपासता?' असा वाद घालू नका. त्यामागे हे कारण असते.

एमआरआयचा उपयोग मर्यादित पण नेमका आहे. गाठ मणक्याजवळ असेल, मोठ्या रक्तवाहिनीला लागून असेल, तर शस्त्रक्रियेआधी सर्जनला एमआरआयवर सीमा नीट कळते. टी-टू नावाच्या चित्रात कॅसलमनची गाठ उजळ दिसते आणि तिच्यात काळ्या रेघा दिसतात. त्या रेघा म्हणजे वेगाने रक्त वाहणाऱ्या वाहिन्या. गरोदर बाई असेल किंवा कोवळे पोर असेल तर रेडिएशन टाळायलाही एमआरआय बरा.

पेट स्कॅन : सगळ्यात महागडा गैरसमज

पेट स्कॅनबद्दल आपल्याकडे एक पक्का समज आहे : 'पेटमध्ये चमकले म्हणजे कॅन्सर.' हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी लोक विनाकारण खचतात. पेटमध्ये किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि तासाभराने शरीरात ती कुठे जास्त खाल्ली गेली ते पाहतात. कॅन्सरच्या पेशी साखर भरपूर खातात हे खरे. पण जंतूंशी लढणाऱ्या पेशीही खातात. टीबीची गाठ पेटवर कॅन्सरइतकीच भडक पेटू शकते. सार्कॉइड पेटतो. २०२१ मध्ये कोविडची लस घेतलेल्या अनेकांच्या काखेतल्या गाठी पेटवर चमकल्या आणि जगभरच्या रेडिओलॉजिस्टना रिपोर्टमध्ये 'लस कधी, कोणत्या हातावर' ते लिहून घ्यावे लागले.

साखर किती खाल्ली याचा एक आकडा रिपोर्टमध्ये असतो, एसयूव्ही. वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात तो अनेकदा १० च्या वर जातो. कॅसलमनमध्ये तो बहुतेक वेळा त्याच्या बराच खाली, मध्यम असतो. पण संथ चालीचा लिम्फोमाही मध्यमच असतो! त्यामुळे मधल्या आकड्यावरून कुणी छातीठोक सांगू लागला तर सावध व्हा. आकडा कमी म्हणून आनंदाने पेढे वाटू नयेत, जास्त म्हणून रडूही नये. मशीन, वजन, रक्तातली साखर, इंजेक्शननंतरचा वेळ, या सगळ्यांनी तो आकडा हलतो. दोन वेगवेगळ्या सेंटरचे आकडे समोरासमोर ठेवून 'वाढले की कमी झाले' असा हिशेब घरी करू नये.

मग पेट कशाला? दोन कामांत त्याला तोड नाही. एक, गाठ खरोखर एकच आहे की कुठे लपून दुसऱ्याही आहेत, हे डोक्यापासून मांड्यांपर्यंत एका फेरीत कळते. कॅसलमनमध्ये सगळा इलाज याच प्रश्नावर ठरतो. दुसरे, गाठी अनेक असतील तर बायोप्सी नेमकी कोणत्या गाठीची घ्यायची ते कळते. सर्वांत जास्त पेटलेली आणि हाताला लागण्याजोगी गाठ निवडतात. जांघेतली सोयीची गाठ काढून 'काही निघाले नाही' असे ऐकण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

तयारीची थोडी माहिती. पेटच्या आधी चार ते सहा तास पोट रिकामे लागते, पण साधे पाणी प्यायला सांगतात. त्यामुळे रमजानमध्ये तारीख आली तर सेंटरला आणि डॉक्टरला आधीच बोलून घ्या, कारण रोजा आणि पेट यांचा मेळ बसत नाही. डायबिटीस असेल तर साखर साधारण २०० च्या खाली असावी लागते, इन्सुलिन कधी घ्यायचे ते सेंटरकडून विचारून घ्या. सीटीच्या रंगाच्या इंजेक्शनआधी क्रिएटिनिन पाहतात आणि आधी कधी अॅलर्जी आली असेल तर ती लपवू नये.

शेवटचा शब्द बायोप्सीचा

स्कॅन संशयितांची यादी छोटी करतो, निकाल देत नाही. रिपोर्टमध्ये 'सजेस्टिव्ह ऑफ', 'कोरिलेट क्लिनिकली' असे शब्द असतात, त्यांचा अर्थ हाच. निकाल गाठीच्या तुकड्यातून येतो, आणि तिथेही एक अडचण आहे. सुईने पाणी काढून केलेली एफएनएसी स्वस्त, झटपट, आणि टीबीसाठी फार उपयोगी. त्याच नमुन्यावर सीबीनॅट तपासणी करून टीबीचे जंतू आणि औषधाला दाद न देणारा प्रकार दोन्ही कळू शकतात, सरकारी कार्यक्रमात ती मोफत आहे. पण कॅसलमन एफएनएसीत सहसा सापडत नाही. कारण असे की सुईत सुट्या पेशी येतात, आणि कॅसलमनची ओळख सुट्या पेशींत नाही, त्यांच्या रचनेत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कांद्याच्या पाकळ्यांसारख्या वर्तुळात रचलेल्या दिसतात. भिंत पाडून विटांचा ढीग दाखवला तर घराचा नकाशा कसा कळणार? म्हणून शक्य असेल तर पूर्ण गाठ काढून तपासतात, निदान जाड सुईने तुकडा तरी घेतात. एफएनएसीत 'रिअॅक्टिव्ह' लिहून आले आणि गाठ मात्र वाढतच राहिली, तर तो रिपोर्ट अखेरचा मानू नका.

रक्तवाहिन्या जास्त म्हणून या गाठीतून रक्तही जास्त जाऊ शकते. मोठी गाठ काढण्याआधी काही ठिकाणी तिच्याकडे जाणारी वाहिनी आतून बंद करतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. सर्जनला स्कॅनची सीडी द्या, नुसता कागद नको.

इथे दोन गोष्टी आम्हाला ठासून सांगाव्याशा वाटतात. पहिली, बायोप्सीच्या आधी स्टेरॉईड घेऊ नये. ताप-सूज उतरावी म्हणून कुणीतरी स्टेरॉईडच्या गोळ्या देतो, गाठ आठवड्यात बसते, घरचे खूश होतात. पण लिम्फोमाही स्टेरॉईडने तात्पुरता वितळतो. मग तुकडा घेतला तरी निदान चुकते आणि कॅन्सर काही महिन्यांनी दुप्पट जोराने परततो. दुसरी, पुरावा नसताना टीबीचा कोर्स 'सुरू करून बघू' म्हणून चालवणे. टीबी आपल्याकडे इतका आहे की हा मोह डॉक्टरांनाही होतो. गाठीतून नमुना घेणे शक्य असताना तो न घेता सहा महिने औषधे खाणे म्हणजे लिम्फोमाच्या रुग्णाचे सहा महिने घालवणे.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टबद्दल शंका असेल तर दुसरे मत घेण्यात कुणाचा अपमान नाही. दुर्मीळ आजारात ते घ्यावेच. त्यासाठी परत ऑपरेशन लागत नाही. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. लॅबकडून ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या आणि परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात दाखवा. सरकारी योजनेत उपचार चालू असतील तर कोणती तपासणी पॅकेजमध्ये बसते ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला खर्च करण्याआधी विचारा.

गाठी अनेक असतील तर

मल्टिसेंट्रिक प्रकारात डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सांगतात आणि इथे घरात वादळ उठते. 'आमच्या अब्बांवर संशय घेता का?' संशय नाही. या प्रकाराच्या एका गटामागे एचएचव्ही-८ नावाचा विषाणू असतो. तो १९९४ मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याने शोधला, आणि एचआयव्ही असलेल्यांत तो जास्त उपद्रव करतो. या गटाचा इलाज वेगळा, रिटुक्सिमॅब त्यात चांगले काम करते. तपासणी केली नाही तर योग्य औषधच ठरत नाही.

विषाणू सापडला नाही तर त्याला 'इडिओपॅथिक', म्हणजे कारण न कळलेला, म्हणतात. त्यासाठी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निकष ठरले : किमान दोन जागी एक सेंटिमीटर किंवा जास्त वाढलेल्या गाठी, बायोप्सीत तशी रचना, शिवाय रक्ताच्या तपासण्यांतले आणि शरीरावरचे काही बदल. ल्युपस, लिम्फोमा, काही जंतुसंसर्ग कॅसलमनची हुबेहूब नक्कल करतात, म्हणून ते नाहीत याची खात्री आधी. यात आयएल-६ नावाचे रसायन शरीराला भडकावते, हे १९८९ मध्ये जपानच्या संशोधकांनी दाखवले. त्यावरून टोसिलिझुमॅबला जपानमध्ये २००५ मध्ये आणि सिल्टुक्सिमॅबला अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. डेव्हिड फायगेनबॉम हा अमेरिकी डॉक्टर मेडिकलला शिकत असताना २०१० मध्ये याच आजाराने मरणाच्या दारात गेला. पुढे त्याने स्वतःच्या रक्ताचे नमुने अभ्यासून सिरोलिमस हे किडनी प्रत्यारोपणात वापरले जाणारे जुने औषध स्वतःवर वापरले आणि तो आज संशोधन करतो आहे.

सीटी पाहताना डॉक्टर हाडांकडेही नजर टाकतात. हाडांत पांढरे घट्ट ठिपके असतील, हातापायांना मुंग्या आणि अशक्तपणा असेल, तर कॅसलमनसोबत पोएम्स नावाचा आजार असू शकतो. आणि तोंडात न भरणारे भयंकर फोड, अंगावर फोड, असे असेल तर त्वचारोगतज्ज्ञ उलट बाजूने छाती-पोटाचा सीटी सांगतात, कारण एका जागी लपलेली कॅसलमनची गाठ तसे फोड आणू शकते. अशा रुग्णाला धाप लागत असेल तर ती आवर्जून सांगावी. फुफ्फुसावरचा परिणाम गाठ काढल्यावरही राहू शकतो.

कॅन्सरसारखे दिसणारे आणखीही भाऊबंद आहेत. किकुची आजार जपानमध्ये १९७२ मध्ये वर्णिला गेला, तरुण मुलींच्या मानेत दुखऱ्या गाठी आणि ताप, काही महिन्यांत बहुधा आपोआप बरा. रोझाई-डॉर्फमनमध्ये मुलांच्या मानेच्या दोन्ही बाजू मोठ्या फुगतात. किमुरा आजार आशियाई पुरुषांत, कानाच्या आसपास, रक्तात इओसिनोफिल वाढलेले. तिन्ही स्कॅनवर लिम्फोमाशी मिळतेजुळते, तिन्हींचा निकाल बायोप्सीतच.

गाठ काढून झाल्यावरही काही वर्षे ठरावीक काळाने तपासणी करायची असते, कारण कॅसलमनच्या रुग्णांत पुढे लिम्फोमा होण्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. दर वेळी पेट लागत नाही. लक्षणे नसतील तर तपासणी, रक्त आणि अधूनमधून साधा सीटी पुरतो. जुने स्कॅन मात्र टाकू नका. पुढच्या रेडिओलॉजिस्टला सर्वांत मोठी मदत होते ती नव्या मशीनची नाही, दोन वर्षांपूर्वीच्या त्याच जागेच्या चित्राची.